मठामागची पाच झाडं

"लिवा ना पटवारी. थांबलाव कामून?"

मठाचे पुजारी मडिवाळप्पा कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभे होते. मी मठाच्या दगडी ओट्यावर बसलो होतो. मांडीवर पाहणीपत्रक, हातात पेन. सर्वे नंबर एक्केचाळीस, एक एकर चार गुंठे, देवस्थान इनाम. पिकाचा रकाना कोरा होता.

"आप्पा, पडीक लिवतो," मी म्हणालो. "एकरभर रानात कुसळ न्हाई. पाच झाडांसाठी कशाला उगं..."

"पाच तर पाच. हायती का न्हाईत?"

"हायती."

"मंग? देवाच्या रानात जे हाय, ते न्हाई म्हणून लिवायचं?"

मी लिहिलं, 'गांजा, झाडे पाच.' कौळवाडीत तलाठी म्हणून येऊन मला अकरा वर्षं झाली होती आणि दर साली आमची एवढीच हुज्जत व्हायची. लोक मला अजून पटवारीच म्हणत, निजामाच्या वेळचा शब्द. माझं नाव श्रीमंत. नावाचा आणि पगाराचा काही संबंध नाही, हे वेगळं सांगायला नको.

मठाच्या भिंतीवर एक चौकट होती. तिच्यात उर्दूतला एक पिवळा कागद. मडिवाळप्पांचे वडील तो बीदरपर्यंत चालत जाऊन घेऊन आले होते. तेव्हा आमचं गाव बीदर जिल्ह्यात होतं. नंतर ते उस्मानाबादेत गेलं आणि चार वर्षांपूर्वी लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा लातुरात आलं. गाव तसूभर हललं नाही, जिल्हा तेवढा दोनदा बदलला. त्या कागदावर, म्हणे, मठाला पाच झाडं लावायची मंजुरी होती. 'म्हणे' अशासाठी, की गावात उर्दू वाचणारा शेवटचा माणूस वारून वीस वर्षं झाली होती.

मठ आरूढ स्वामींचा. समाधी, वर पिंड, पुढं ओटा, मागं एकरभर माळ. इथला रिवाज असा की पायरीवर जो येईल त्याला आधी ओंजळभर पाणी द्यायचं आणि मग तळहातावर चिमूटभर गांजा. प्रसाद म्हणून. त्याचं नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही, कामही विचारायचं नाही. शिवरात्रीला भालकी, हुमनाबादकडून बैलगाड्या यायच्या. कुणी तो प्रसाद चिलमीत भरायचं, कुणी पदराला बांधून न्यायचं आणि पेरणीच्या दिवशी मातीत टाकायचं. मडिवाळप्पांनी स्वतः आयुष्यात चिलीम ओढली नाही. धुराचा वास आला तरी त्यांना खोकला यायचा.

ते साल दुष्काळाचं होतं. विहिरीच्या तळाला कोरडी भेग पडली होती. टँकर एक दिवसाआड यायचा, मडिवाळप्पांच्या एकट्या जिवाला एक घागर मिळायची. त्यातली अर्धी ते पिंडीवर घालायचे. ते पाणी गोमुखातून मागं जायचं आणि पाच झाडांच्या आळ्यांत जिरायचं. बाकी गावशिवारात हिरवं म्हणावं असं तेवढंच होतं. पुरुषभर उंचीची पाच झाडं, आणि ती तलाठ्याच्या पाहणीपत्रकात रीतसर लिहिलेली.

*

पौषात तहसिलातून बोलावणं आलं. तहसीलदारांचे कारकून, पेशकार भीमाशंकरराव, माझे जुने सोबती. मला पाहताच त्यांनी दार लोटून घेतलं आणि मी सोबत आणलेलं पाहणीपत्रक उघडलं.

"श्रीमंतराव, हे अक्षर तुमचंच ना?"

"माझंच हाय."

"काय लिवलंय ते वाचा बरं."

मी वाचलं. त्यांनी कपाळावर हात मारला.

झालं होतं ते असं. दुष्काळामुळं लातूरहून रोज आकडे मागत होते. कुठं काय पेरलं, काय वाळलं, किती आणे पीक हाती आलं. तिथल्या एका नव्या कारकुनानं आमच्या तालुक्याचा तक्ता करताना छापील यादीत गांजाचा नंबर शोधला. ज्वारी होती, तूर होती, करडई होती, अंबाडीसुद्धा होती. गांजा नव्हता. बिचाऱ्यानं वर लिहून विचारलं, की या पिकाला कुठला नंबर द्यावा? त्याची काही चूक नव्हती. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच विचारलं असतं.

"मागल्या सालच्या नोव्हेंबरात नवा कायदा लागू झालाय," भीमाशंकरराव म्हणाले. "अख्ख्या देशाला. झाड लावलं तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी, वरून पन्नास हजारांपर्यंत दंड."

"पण उस्मानाबादला इतकी वर्षं कुणी काही म्हणलं न्हाई."

"उस्मानाबादला कुणी वाचलं न्हाई. आधीबी मनाई होतीच, दारूबंदीच्या कायद्यात. कुणी बघत न्हवतं एवढंच. आता बघतेत."

जिल्हा लांब होता तोवर आमचं खरं खपून गेलं. जवळ आला आणि त्याच खऱ्यानं गळा धरला.

मी विचारलं, "आता?"

"लातूरचं पत्र पोलिसांकडं गेलंय. चार रोज लागतील, आठ लागतील. तुमी आजच्या आज जावा. झाडं उपटायला लावा. आन् हे खोडून अंबाडी करा. पानं सारखीच दिसतेत."

हे त्यांचं खरं होतं. अंबाडीचं पान आणि गांजाचं पान, लांबून शहाण्यालाही ओळखू येत नाही. फरक आहे तो तोंडात घातल्यावर. अंबाडी आंबट लागते.

तीन वाजताच्या एसटीनं मी परत निघालो. रस्ताभर एकच विचार. टँकर येणार असला की नरसिंग कोतवाल गल्लोगल्ली हलगी वाजवत दवंडी देत फिरायचा. लसीची दवंडी व्हायची, ढोरांच्या छावणीची व्हायची. या कायद्याची दवंडी आमच्या गावात कधी झालीच नाही. आणि ज्यानं ती द्यायला लावायची तो सरकारी माणूस, म्हणजे मी, मलाच तो कायदा ठाऊक नव्हता.

*

मडिवाळप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग चौकटीतल्या कागदाकडं बोट केलं.

"मंजुरी हाय की."

"आप्पा, ती निजामाची. निजाम गेला, हैदराबाद गेलं."

"देव गेला का?"

मी सरळ त्यांचे पाय धरले. "आप्पा, पाच वर्षं म्हंजी पाच वर्षं. तुमचं वय चौऱ्याहत्तर. उपटा ती झाडं. तुमच्यानं व्हत नसंल तर मी उपटतो."

"उठा, पटवारी. असं करू नये." त्यांनी मला उठवून बसवलं. "शिवरात्र दीड महिन्यावर आलीय. गाड्या येतेल. माणसं इतक्या लांबून येऊन हात पुढं करतेल. त्या हातावर काय ठिवू?"

"पाणी ठिवा."

"पाणी तर देणारच की. ती झाडं माझी असती तर आत्ता उपटली असती. ती येणाऱ्याची हायती. दुसऱ्याची वस्तू मी कशी उपटू?"

मी तडक उठून मठामागं गेलो. पहिल्याच झाडाचा बुंधा दोन्ही हातांनी धरला. आळ्यातली माती ओली होती. चपलेच्या तळव्यातून तो गारवा पायाला लागला. सगळ्या गावाच्या नरड्याला कोरड पडली असताना हा म्हातारा स्वतः तहानलेला राहून इथं पाणी पोचवत होता. मी बुंधा सोडून दिला.

त्या संध्याकाळी आज्ञेप्रमाणं अर्धंच काम केलं. पाहणीपत्रकात 'गांजा'वर आडवी रेघ मारली, वर 'अंबाडी' लिहिलं, बाजूला सही केली. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मी आणेवारी चढवली नव्हती की उतरवली नव्हती. खोटी नोंद म्हणावी अशी ही पहिलीच. बायकोला, कस्तुराबाईला, सांगितलं तर ती म्हणाली, "खोटंच करायचं हुतं तर पुरतं तरी करायचं. झाडं तशीच उभी हायती अन् कागदावर अंबाडी. हात दाखवून अवलक्षण."

ती नायगावची. तिकडच्या बायकांना स्पष्ट बोलायला शिकवावं लागत नाही.

*

आठव्या दिवशी जीप आली. नवे फौजदार साध्या कपड्यांत होते, मागं दोन शिपाई. मी मठाच्या ओट्यावरच होतो. रोज सकाळी तिथं जाऊन आप्पांना विनवायचं, हा माझा आठ दिवसांचा नेमच झाला होता.

मडिवाळप्पांनी जीपकडं पाहिलं नाही. पायरीवर कोण आलं एवढंच पाहिलं.

"बर्री, बर्री. कूड्री," ते कानडीत म्हणाले. या, बसा.

फौजदारांनी पायरीखाली बूट काढले. माणूस वाईट नव्हता. ऊन होतं, लांबून आले होते, मडिवाळप्पांनी तांब्या पुढं केला तसे ओंजळ करून घटाघटा पाणी प्याले. ओले हात पुसायच्या आत मडिवाळप्पांनी कोनाड्यातली लाकडी डबी उघडली आणि त्यांच्या तळहातावर चिमूटभर गांजा ठेवला.

उघडा तळहात तसाच धरून फौजदार उभे राहिले.

"हे काय आहे?"

"परसाद."

"साहेब," मी घाईनं मध्ये पडलो, "पाला हाय अंबाडीचा. मागं अंबाडीची झाडं हायती. पाहणीपत्रकात तशी नोंद हाय."

मडिवाळप्पांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. घरातलं पोर पाहुण्यांपुढं वेडंवाकडं बोललं की आपण पाहतो, तसं.

"पटवारी, अकरा साल खरं लिवलाव. आजच काय झालं?" मग फौजदारांकडं वळून म्हणाले, "अंबाडी कसली साहेब, गांजाच हाय. पाच झाडं. ह्यो बघा मंजुरीचा कागुद." आणि भिंतीवरची चौकट उतरवून, धोतरानं काच पुसून, त्यांनी ती फौजदारांच्या हातात दिली.

पुढचं सगळं कागदाच्या चालीनं झालं. नरसिंग कोतवाल एक पंच. दुसरे पंच बसलिंगप्पा, गावातले किराणा दुकानदार, वीस एकरांचे मालक. पंचनामा लिहायला शिपायाचं अक्षर नीट नव्हतं. फौजदारांनी पेन माझ्याकडं दिलं, तलाठ्याचं अक्षर चांगलं असतं म्हणून. मी लिहिलं. सर्वे नंबर एक्केचाळीस. गांजा, झाडे पाच. अकरा वर्षं जे लिहीत होतो तेच, अक्षर न् अक्षर तेच.

मडिवाळप्पांना मठापुढं जीपमध्ये बसवलं, शिपाई मागं झाडं उपटून पोत्यांत बांधायला गेले. मठ मध्ये असल्यानं त्यांना ते दिसलं नाही. मला दिसत होतं. शेंड्यांना फुलं यायची होती, पण खालच्या फांद्यांचं बी पक्व झालं होतं, हिसका बसला की गळत होतं. मी पटकन जीपच्या त्या अंगाला जाऊन उभा राहिलो, म्हणजे मडिवाळप्पा माझ्याकडं बघत राहतील.

"पटवारी," ते म्हणाले, "मी येईस्तोवर कुणी पायरीवर आलं तर पाणी तरी द्या. आन् झाडाला तांब्याभर घाला. रोज. टँकरचं माझं पाणी हाय, तेच घाला."

मी मान हलवली.

*

जामीन मिळत होता, पण जामीनदार नव्हता. मठाची जमीन देवाच्या नावावर, मडिवाळप्पांच्या नावावर स्वतःचं धोतर. मी सरकारी नोकर, वर सरकारचाच साक्षीदार. माझी जामिनकी चालणार नव्हती. नरसिंगकडं एक गुंठा नव्हता. ज्यांच्याकडं रान होतं त्यांनी दुष्काळात आणखी तेरावा महिना नको म्हणून माना फिरवल्या. त्यांना तरी काय बोलावं.

पंधरा दिवसांनी मी तालुक्याच्या जेलात भेटायला गेलो. दाढी वाढली होती, गाल आत गेले होते. गजाआडून त्यांनी पहिलं विचारलं ते,

"पाणी घालताव ना?"

"घालतो की आप्पा."

"फुलं आली आसतील."

"आली हायती," मी म्हणालो.

खोट्याची मला सवय नव्हती, पण एकदा तोंड विटाळलं की मग पुढचं सोपं जातं. परत आलो तो थेट मठात गेलो. मडिवाळप्पांच्या वाटणीची घागर नरसिंगनं नेमानं भरून ठेवली होती. तांब्याभर पाणी मी पिंडीवर घातलं. ते गोमुखातून गेलं आणि उखडलेल्या खड्ड्यांत जिरलं. निदान पाणी घालतो हे तरी खरं असू दे, एवढंच मनात होतं. त्या दिवसापासून रोज घालत गेलो. गावातले लोक म्हणायचे, पटवाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. प्यायला पाणी नाही आणि हा खड्डे भिजवतो.

शिवरात्र आली. लांबून येणाऱ्यांना कुठून कळणार? फौजदारांनी मला बजावून ठेवलं होतं, त्या दिवशी कुणाजवळ सापडलं तर त्याला तिथूनच नेऊ. म्हणून नरसिंगनं मठाच्या भिंतीला चुना लावला आणि मी त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं. खाली कानडीत रेवणप्पा गुरुजींनी लिहून दिलं.

'येणाऱ्या भक्तांस कळविण्यात येते की, मठात यापुढे गांजाचा प्रसाद मिळणार नाही. गांजा लावणे, बाळगणे, देणे, घेणे, ओढणे हा गुन्हा असून कैद होईल. पाणी मिळेल.'

शेवटचे दोन शब्द कुणी सांगितले नव्हते. ते माझे.

गाड्या दरवर्षीच्या मानानं निम्म्याच आल्या, बैलच उरले नव्हते. माणसं भिंत वाचायची, कुजबुजायची, पिंडीला हात जोडून खाली उतरायची. ज्यांच्या कनवटीला काही होतं ते वाचून हळूच माघारी वळले. भांडण कुणी केलं नाही. भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

भालकीकडची एक म्हातारी, गुरम्मा, दर साली यायची. तिला वाचता येत नव्हतं. ती सरळ पायरी चढून आली, पाणी प्याली आणि तळहात पुढं करून उभी राहिली.

"आजी, आता मिळत न्हाई ते. बंद झालं," मी म्हणालो.

"आप्पा येल्लि?" तिनं विचारलं. आप्पा कुठं आहेत?

"तालुक्याला गेलेत."

तिनं मान डोलावली, हात मात्र मागं घेतला नाही. माझं बोलणं तिला कळलं नसावं, नाहीतर कळूनही पटलं नसावं. मी पुन्हा तांब्या उचलला आणि तिच्या तळहातावर पाणी घातलं. ती ते पुन्हा प्याली. परत हात पुढं. असं तीनदा झालं. शेवटी तिच्या नातीनं येऊन तिला धरून खाली नेलं. मी ओट्याच्या खांबाआड जाऊन डोळे पुसले. पन्नाशी उलटलेल्या सरकारी माणसानं रडावं असं त्यात काय होतं, कुणाला सांगता आलं नसतं.

*

होळीनंतर बसलिंगप्पा आपणहून माझ्याकडं आले. पंचनाम्यावर सही केल्यापासून त्या माणसाला चैन नव्हतं. ते देवाचे, म्हणजे लिंगायत, मडिवाळप्पाही देवाचे, दोघांच्याही गळ्यात लिंग.

"श्रीमंतराव, मी जामीन ऱ्हातो. वीस एकराचा सातबारा लावतो. पर एक हाय. मठामागं परत एक पान जरी निघालं तर माझं रान जाईल. घरात भावाभावांत भांडण हाय, मला तोंड दाखवायला जागा ऱ्हाणार न्हाई."

"न्हाई निघणार," मी म्हणालो.

वकिलानं अर्ज केला. कोर्टानं आधी जागेचा अहवाल मागवला, रान मोकळं आहे की नाही. गुरुवारी माझ्या वरचे सर्कलसाहेब पाहायला येणार आणि तलाठी म्हणून मी त्यांच्यासोबत सही करणार, असं ठरलं.

बुधवारी सकाळी तांब्या घेऊन मी मठामागं गेलो आणि जागीच थबकलो. दुसऱ्या आळ्यात, ओल्या मातीत, बोटभर उंचीचा एक अंकुर होता. कातरलेल्या कडांची चार कोवळी पानं.

मी खाली बसलो. अंबाडी असेल, मी स्वतःला सांगितलं. वाऱ्यानं कुठूनही बी येतं. एक पान खुडलं, तोंडात घातलं आणि चावलं. आंबट लागावं म्हणून जीभ आत कुठंकुठं फिरवली. नाही लागलं. कडूसर होतं, उग्र होतं. आंबट नव्हतं.

पाणी मीच घातलं होतं. दीड महिना, रोज, लोक हसत असताना. मडिवाळप्पांनी जेलातून विचारावं आणि मला एकदा तरी खरं सांगता यावं, म्हणून. आता ते खरं समोर उभं होतं. आणि ते उभं राहिलं तर आप्पा आत राहणार होते.

मी इकडंतिकडं पाहिलं. कुणी नव्हतं. कुणी असतं, म्हणालं असतं उपटा, किंवा उपटू नका, तर बरं झालं असतं. मी दोन बोटांत तो अंकुर धरला. मागं बुंधा धरून सोडला होता तेव्हा हातात बळ लागणार होतं. याला काही बळ लागलं नाही. मुळासकट अलगद आला. तो मी चुरगाळून खिशात घातला, बोटांनी बाकीची चारही आळी उकरून पाहिली, आणि तांब्यातलं पाणी सवयीनं तिथंच ओतून बसलो.

दुसऱ्या दिवशी सर्कलसाहेबांसमोर मी लिहिलं, 'पडीक.'

*

सोमवारी मडिवाळप्पा सुटून आले. खटला पुढं चालायचाच होता, तारखा पडायच्याच होत्या. पण त्या दिवशी ते आले. बसलिंगप्पांनी त्यांना गाडीतून आणलं आणि वेशीतच उतरवलं. मठापर्यंत ते चालत आले. मी ओट्यावर वाट पाहत होतो.

त्यांनी भिंतीवरचं माझं अक्षर वाचलं. एकेका शब्दावर बोट ठेवून, सावकाश. 'पाणी मिळेल'वर बोट जरा थांबलं. मग ते मागं गेले. मी गेलो नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक, परत आले तेव्हा चेहऱ्यावर मला वाचता येईल असं काही नव्हतं. फुलं आली म्हणून सांगितलं होतं ना, असं ते विचारतील म्हणून मी चार उत्तरं तयार ठेवली होती. त्यांनी विचारलं नाही.

मी उठून पायरी उतरलो. जावं असं वाटत होतं.

"बर्री पटवारी. आलाव तसं कुठं निघालाव?"

मी परत पायरी चढलो. त्यांनी तांब्या पुढं केला. मी ओंजळ केली आणि पाणी प्यालो. मग त्यांचा हात कोनाड्याकडं गेला. लाकडी डबी जप्तीत गेली होती. हात रिकाम्या कोनाड्यात जाऊन थांबला. पण बोटांची चिमूट तशीच झाली, आणि तशीच त्यांनी ती माझ्या तळहातावर आणून सोडली. येणाऱ्या कुणाच्याही हातावर सोडायचे तशी.

मी मूठ मिटली.

"यंदा काय लिवलाव?" त्यांनी विचारलं.

"पडीक."

मडिवाळप्पांनी तांब्या जागेवर ठेवला.

"बराबर हाय," ते म्हणाले. "जे हाय ते लिवलाव."

मग त्यांनी घागर उचलली, अर्धं पाणी पिण्यासाठी बाजूला काढलं आणि उरलेलं पिंडीवर घातलं. मागं गोमुखातून ते रिकाम्या आळ्यांत पडत असल्याचा आवाज आम्हा दोघांनाही ऐकू येत होता.